न फिरता फिरणारा सांधा

गाडीचे पुढचे बुश बदलले, खडखडाट थांबला. पण चार-सहा महिन्यांतच पुन्हा तोच आवाज! खाली वाकून पाहावे तर नवे रबर फाटलेले. अशी तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. मालक म्हणतो, "माल हलका निघाला." मेकॅनिक म्हणतो, "साहेब, रस्तेच तसे आहेत." दोघांचेही म्हणणे कधी कधी खरे असते. परंतु पुष्कळदा दोष रबराचाही नसतो आणि रस्त्याचाही नसतो. शेवटचा नट आवळताना गाडी कशी उभी होती, यावर सारे अवलंबून असते. नट तोच, पाना तोच, हाताचा जोरही तोच. तरी एका वेळी रबर वर्षानुवर्षे टिकते आणि दुसऱ्या वेळी लवकर फाटते. असे का व्हावे? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. आज आपण ते शोधू या.

गाड्यांच्या गावात

पिंपरी-चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चाकण ही नावे आज मोटार उद्योगाशी जोडली गेली आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळरानावर कारखान्यांची रांग लागली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, पिंपरी-चिंचवडला टेल्को आली. याच टेल्कोने डिसेंबर १९९८ मध्ये 'इंडिका' ही लहान मोटार लोकांसमोर आणली. (टेल्कोचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले.) २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आता मोटारींसाठीही ओळखले जाते.

या पट्ट्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी अशा कारखान्यात किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये कामाला असेल. साहजिकच सुटीच्या दिवशी दारातली जुनी गाडी घरीच दुरुस्त करण्याची हौसही इथे भरपूर. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, तरी अशा जुन्या गाड्या हौशी हातांना अजून सापडतात. म्हणून ही माहिती केवळ पुस्तकी नाही. ती तुमच्या वडिलांच्या, काकांच्या हाताशी आणि जिवाशी संबंधित आहे.

सांधा कशासाठी?

बैलगाडी आठवा. तिचे चाक आसाभोवती फिरते आणि आस गाडीला पक्का बांधलेला असतो. चाक दगडावरून गेले की सारी गाडी उचलली जाते. मोटारीत तसे नसते. चाक एका दांडीच्या टोकाला बसवलेले असते. या दांडीला आपल्याकडे सरळ 'लोअर आर्म' म्हणतात. आर्मचे दुसरे टोक गाडीच्या सांगाड्याला सांध्याने जोडलेले असते. खड्डा आला की आर्म दारासारखा खाली झुकतो, उंचवटा आला की वर उचलला जातो. मधली स्प्रिंग हा धक्का झेलते आणि गाडीतील माणसे फारशी हलत नाहीत.

आता दाराला जशी बिजागरी, तसा आर्मला सांधा हवा. बिजागरीत धातू धातूवर घासतो. म्हणून तेल लागते. बैलगाडीच्या आसालाही वंगण द्यावेच लागे. जुन्या मोटारींत अशा सांध्यांवर ग्रीस भरण्यासाठी लहान बोंडे असत आणि ठरावीक दिवसांनी तिथे ग्रीस पंपाने ग्रीस भरावे लागे. ग्रीस संपले की धूळ आत शिरे आणि सांधा खाल्ला जाई.

यावर उपाय म्हणून जो सांधा निघाला, तोच रबरी बुश. त्याची रचना अगदी साधी आहे. बाहेर लोखंडाची एक मोठी नळी, आत एक लहान नळी, आणि दोहोंच्या मध्ये रबराची जाड भिंत. हे रबर दोन्ही नळ्यांना कायमचे चिकटवलेले असते. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि नट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला घट्ट धरली जाते.

आता गंमत पाहा. आतली नळी सांगाड्याला घट्ट, बाहेरची नळी आर्मला घट्ट, रबर दोघींना चिकटलेले. मग आर्म हलतो कसा? तो हलतो, कारण रबर स्वतःच पिळले जाते! इथे काहीही कशावर घासत नाही. घासत नाही म्हणून तेल लागत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर न फिरता हा सांधा आपले काम करतो.

रबराचा गुण

रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. कच्च्या रबरात या साखळ्या सुट्या असतात, म्हणून ते उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले की रबरात गंधक मिसळून तापवले तर ते लवचीकही राहते आणि टिकाऊही होते. गंधकाचे अणू साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात. त्यामुळे साखळ्या ताणल्या गेल्या तरी एकमेकींपासून निसटत नाहीत आणि सोडल्यावर मूळ जागी येतात. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. बुशाच्या रबरात काजळीही मिसळतात. तिच्यामुळे रबर सहज फाटत नाही आणि त्याला काळा रंग येतो.

रबराचा आणखी एक गुण तुम्ही आत्ता अनुभवू शकता. एक रुंद रबरबँड ओठांना लावा आणि झटकन ताणा. तो कोमट लागेल. तसाच ताणलेला ठेवून थोड्या वेळाने ओठांना लावा आणि सैल सोडा. आता तो गार लागेल. जॉन गफ या इंग्लिश अभ्यासकाने १८०५ साली याचे वर्णन केले होते. शिवाय ताणताना आपण जेवढी ऊर्जा देतो, तेवढी सगळी सोडताना परत मिळत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने रबरातच राहते. हा तोटा बुशात उपयोगी पडतो. रस्त्याची बारीक थरथर रबरात विरून जाते, आसनापर्यंत पोहोचत नाही. मात्र रबर उष्णतेचे मंदवाहक आहे. फार पिळले तर ते आतून तापते आणि लवकर थकते.

आणि त्याला किती वेळा पिळले जावे लागते याचा हिशोब करा. दर १० मीटरला एक लहानसा उंचवटा धरू. १०,००० किलोमीटर म्हणजे १ कोटी मीटर. म्हणजे १० लाख पिळे! त्यात भर म्हणून हवेतील ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो आणि पृष्ठभागावर चिरा पडतात. इंजिनातून गळणारे तेल रबरात झिरपून त्याला फुगवते. बुश झिजतो तो असा.

बुश गेला हे कसे ओळखावे?

गतिरोधकावरून हळू जाताना पुढून 'कट्' असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. टायर एकाच कडेने झिजतो. गाडी उचलून आर्म आणि सांगाडा यांच्या मध्ये टॉमी घालून हलके रेटले, तर चांगला बुश किंचित दबून परत येतो. गेलेला बुश मोकळा हलतो आणि त्याच्या चिरा उघडतात.

खराब बुश म्हणजे नुसता आवाज नव्हे. १,००० किलोग्रॅमची गाडी ब्रेक लावल्यावर ५ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने थांबते असे समजा. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे एकूण बल ५,००० न्यूटन. त्यातले सुमारे ७० टक्के पुढच्या दोन चाकांवर येते, म्हणजे एका चाकावर १,७५० न्यूटन. आर्म ३५ सेंटिमीटर लांब आणि त्याचे दोन बुश एकमेकांपासून २५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर हे बल आर्मला आडवे फिरवू पाहते आणि दोन बुशांना मिळून बलयुग्माने ते रोखावे लागते. प्रत्येक बुशावरचे बल १,७५० × ३५ ÷ २५ = २,४५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २५० किलोग्रॅमचे ओझे! फाटलेले रबर हे झेलू शकत नाही. मग ऐन ब्रेकच्या वेळी चाक आपली दिशा बदलते.

टायरचेही तसेच. चाक सरळ दिशेपासून केवळ अर्धा अंश वळलेले राहिले, तर दर किलोमीटरला ते सुमारे ८.७ मीटर आडवे ओढले जाते. १०,००० किलोमीटरमध्ये ८७ किलोमीटर! टायर एका कडेने का घासतो हे आता वेगळे सांगायला नको.

आधी जीव, मग बुश

घरी बुश बदलणे शक्य आहे. पण हे काम जाणत्या मोठ्या माणसाचे आहे. तुम्ही पाने देण्यासाठी, मापे घेण्यासाठी आणि 'का?' विचारण्यासाठी जवळ असावे. गाडीखाली जाऊ नये.

पहिली गोष्ट म्हणजे जॅक. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. तेलाच्या जॅकमध्ये गाडीचे वजन तेलाच्या दाबावर तोललेले असते आणि ते तेल एका लहानशा रबरी कड्याने अडवलेले असते. ते कडे गळू लागले तर गाडी खाली येते. गाडीसोबत मिळणाऱ्या स्क्रूच्या जॅकचा पाया अरुंद असतो. आडवा धक्का बसला की तो कलंडतो. आणि बुश काढताना तर आपण आडवेच रेटत असतो! म्हणून गाडी उचलल्यावर सांगाड्याच्या भक्कम जागी घोडी लावायलाच हवी. जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी. मुरमात घोडीचे पाय रुततात. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावावेत, आणि काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर थांबेल, माणसावर नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. इंडिकातही तो होता. त्यात स्प्रिंग स्ट्रटच्याच दोन बैठकींमध्ये अडकलेली असते. आर्म काढला तरी ती निसटत नाही. परंतु काही गाड्यांत स्प्रिंग थेट आर्मवर बसलेली असते. अशा वेळी आर्म सोडणे म्हणजे दाबलेली स्प्रिंग सोडणे. ३,००० न्यूटन बलाने १२ सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये ½ × ३,००० × ०.१२ = १८० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. १ किलोग्रॅमचा दगड १८ मीटर उंचीवरून, म्हणजे पाच-सहा मजल्यांवरून पडावा तसा तो तडाखा. अशी गाडी घरी सोडूच नये, गॅरेजमध्येच न्यावी.

प्रत्यक्ष काम

काम सुरू करण्यापूर्वी, गाडी चारही चाकांवर उभी असतानाच, चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि खडूने लिहून ठेवा. याचे काम शेवटी पडेल. चाकाचे नट जमिनीवरच किंचित सैल करावेत. चाक हवेत गेल्यावर ते नटाबरोबर फिरू लागते.

मग गाडी उचलून, घोडी लावून चाक काढावे. आर्मचे टोक चाकापासून सोडवावे, सांगाड्याकडचे बोल्ट काढावेत आणि आर्म बाहेर घ्यावा. जुना बुश कोणत्या दिशेने बसला होता याची खूण करून ठेवावी. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे तो एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने ताठ असतो. नवा बुश वेडावाकडा बसवला तर गाडीचे वागणेच बदलते.

बुश भोकात इतका घट्ट असतो की तो हातोडीने निघत नाही. ठोकत बसल्यास आर्म वाकतो. रबर जाळून काढण्याची युक्ती काही जण करतात. तिचा धूर विषारी असतो, ती करू नये. भोसरी-चाकण भागात हायड्रॉलिक प्रेस असलेली वर्कशॉप ठिकठिकाणी आहेत. तिथे आर्म नेऊन बुश दाबून घेणे सर्वांत सोपे. घरीच करायचे असेल तर एक लांब मजबूत बोल्ट, जाड वॉशर आणि बुश आत मावेल एवढ्या पाइपचा तुकडा, एवढे पुरते. नट आवळत गेले की बुश हळूहळू पाइपमध्ये ओढला जातो.

एवढे बल येते कोठून? स्क्रू हा गुंडाळलेला उतार आहे हे तुम्ही शिकला आहात. आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर आणि पाना ३० सेंटिमीटर लांब असेल, तर पान्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे १,८८५ मिलिमीटर जाते आणि नट १.५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे १,२५० पटींहून अधिक फायदा! घर्षणात ९० टक्के वाया गेले असे धरले तरी १२५ पट उरतो. हाताचे २०० न्यूटन बल तिथे २५,००० न्यूटन होते, म्हणजे अडीच टनांचा दाब.

नवा बुश दाबताना साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. खनिज तेल नैसर्गिक रबरात शिरून ते कमजोर करते. साबणाचे पाणी वाळून जाते.

शेवटचा नट

आर्म जागेवर आला, बोल्ट घातले. गाडी घोडीवर आहे, चाक हवेत लोंबते आहे, हात घालायला ऐसपैस जागा आहे. सर्वांना वाटते, आत्ताच सगळे आवळून टाकावे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमके इथे आहे.

नट सैल असतो तोवर आतली नळी बोल्टभोवती मोकळी फिरते. नट आवळला की ती सांगाड्याशी पक्की होते. त्या क्षणी आर्म ज्या स्थितीत असेल, ती रबराची 'शून्य' स्थिती ठरते. चाक लोंबत असताना आर्म खाली झुकलेला असतो. चाकाचे टोक १० सेंटिमीटर खाली आणि आर्म ३५ सेंटिमीटर लांब धरा. कोनाची ज्या १० ÷ ३५ = ०.२८६, म्हणजे कोन सुमारे १६.६ अंश. गाडी खाली उतरवली की आर्म आडवा होतो आणि रबर १६.६ अंश पिळले जाते. गाडी दारात उभी असली तरी ते पिळलेलेच! मग चाक उंचवट्यावर १० सेंटिमीटर वर गेले की आणखी १६.६ अंश. एकूण पीळ ३३ अंशांहून अधिक.

रबराच्या भाषेत याचा अर्थ काय? आतल्या नळीची त्रिज्या १० मिलिमीटर, बाहेरच्या नळीची १८. रबराची जाडी ८ मिलिमीटर, सरासरी त्रिज्या १४. १६.६ अंश म्हणजे ०.२९ रेडियन. १४ × ०.२९ = सुमारे ४ मिलिमीटर. ८ मिलिमीटर जाडीच्या रबराची एक बाजू दुसरीच्या तुलनेत ४ मिलिमीटर सरकते, म्हणजे जाडीच्या निम्मी. दुप्पट पिळात ती ८ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण जाडीइतकी सरकते. लाखो वेळा असे झाले तर ते फाटणारच. नट योग्य स्थितीत आवळला असता, तर हेच रबर उभ्या गाडीत विसावलेले राहिले असते आणि पीळ दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा वाटला गेला असता.

म्हणून नट आधी हाताने बसेल तेवढेच फिरवावेत. मग आर्मच्या चाकाकडील टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने आर्म सावकाश वर घ्यावा. खडूने लिहिलेले अंतर पुन्हा आले की थांबावे आणि त्या स्थितीत नट उत्पादकाने सांगितलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावेत. घोडी तोवर जागची हलवू नये. (पॉलियुरेथेनचे काही बुश रबरासारखे चिकटवलेले नसतात, ते नळीवर फिरतात, त्यांना ही अट लागू नाही.) अखेरीस गाडी चाकांची दिशा तपासून घेण्यासाठी, म्हणजे 'अलाइनमेंट'साठी न्यावी.

करून पाहा

जुन्या स्लिपरच्या तळातून ४ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवा आणि डिंकाऐवजी रबर चिकटवायचे सोल्यूशन लावून एक दिवस वाळू द्या. दुसरी तशीच चकती करा, पण तिच्या भोकात पेन्सिल न चिकटवता थोडे साबण लावा. आता चकतीची कड घट्ट धरून पेन्सिल थोडी पिळा आणि सोडा. चिकटवलेली पेन्सिल परत मूळ जागी येईल; दुसरी फिरवाल तिथेच राहील. पहिली म्हणजे बुश, दुसरी म्हणजे बिजागरी. नट सैल असताना तुमचा बुश दुसऱ्या चकतीसारखा वागतो आणि आवळल्यावर पहिल्या चकतीसारखा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घेताना मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा: पेन्सिल आधीच थोडी पिळलेली असताना चिकटवली, तर चकती कोणत्या बाजूने आधी फाटेल? उत्तर सांगू नये, चकत्या फाडून पाहू द्याव्यात. स्लिपर जुनी आहे, हरकत नाही.

आणि घरी कोणी गाडीखाली हात घालणार असेल, तर तुम्ही दोन प्रश्न जरूर विचारा. घोडी लावली का? आणि शेवटचा नट कधी आवळणार? पहिल्या प्रश्नाने माणूस वाचेल, दुसऱ्याने बुश.